वीस मिनिटांनंतरचा वेग

गिगाचा दात काउंटरच्या काचेवर पडला तेव्हा ताई मागच्या खोलीत एका कॉम्प्युटरच्या पोटात हात घालून बसली होती. दात पडल्याचा आवाज तिला आला नाही. तो तसा मोठा नसतोच. तिला आला तो आधीचा, डोकं काचेवर आपटल्याचा आवाज, आणि तिला वाटलं, गिगानं वरच्या फळीवरून पुन्हा एखादं खोकं पाडलं.

"काय फोडलंस रे?" तिनं आतूनच विचारलं.

उत्तर आलं नाही. तिच्या भावाकडून उत्तर न येणं हीच मुळात घाबरण्यासारखी गोष्ट होती. हा माणूस झोपेतसुद्धा समोरच्याला बोलू देत नसे. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे गिगाहर्ट्झ आणि गिगाबाइटचा जप करायचा म्हणून गिऱ्हाइकांनीच त्याचं नाव गिगा पाडलं होतं, आणि आता घरातही त्याला कुणी खऱ्या नावानं हाक मारत नव्हतं. दुकान दोघांचं. तो पुढे बसून कॉम्प्युटर विकायचा, ती मागे बसून जोडायची. त्याला सरळ स्क्रू बसवता येत नसे आणि तिला गोड बोलता येत नसे, त्यामुळे अकरा वर्षं दोघांचं बरं चाललं होतं.

ताई पडदा सारून पुढे आली.

शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलेलं होतं. काउंटरशी एक आडव्या अंगाचा माणूस उभा होता. पन्नाशीचा, मनगटापर्यंत काळ्या तेलानं माखलेला. त्याच्या उजव्या मुठीत गिगाचे केस होते. डाव्या हातात हातभर लांबीची लोखंडी पहार होती, पण ती त्यानं नुसती मांडीला टेकवून धरली होती, बाजारात निघालेल्या माणसानं छत्री धरावी तशी.

"वेग कुठाय?" तो गिगाला विचारत होता. आवाज अगदी मऊ. "एवढंच सांग मला. मी काय फार विचारतोय का?"

"दिलाय," गिगा म्हणाला.

माणसानं त्याचं डोकं उचललं आणि पुन्हा काचेवर आदळलं. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. खालच्या कप्प्यात ओळीनं मांडलेल्या माऊसच्या डब्यांवर रक्ताचे थेंब पडले.

"सोडा त्याला," ताई म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"बहीण आहे त्याची. आणि इथल्या मशिनी मी जोडते."

"मग तुमचा नंबर नंतर," तो माणूस म्हणाला, तितक्याच मऊपणे. दवाखान्यातल्या माणसानं टोकन द्यावं तसं.

ताईनं टेबलावरचा फोन उचलला. त्यानं गिगाला न सोडताच पहार फिरवली. फोन तिच्या हातातून उडून भिंतीवर गेला, आणि तिच्या तळहाताला मात्र स्पर्शही झाला नाही. या माणसाला नेमकं कुठं मारायचं ते कळतं, हे तिच्या ध्यानात आलं, आणि त्यानं तिला जास्तच भीती वाटली.

शटरजवळून कुणीतरी म्हणालं, "मामा, ऐका ना."

"तू गप. तिथंच उभा राहा."

त्या आवाजावरून ताईनं ओळखलं. दीड महिन्यापूर्वी मशीन घेऊन गेलेला मुलगा. मुलगा म्हणजे तेवीस वर्षांचा. लांब बोटांचा, खाली बघून बोलणारा. त्याच्या पायाशी तीच काळी पेटी होती, तिनं जोडलेली.

त्याची सगळी हकीकत गिगानं खरेदीच्या दिवशीच काढून घेतली होती. गिगाला ते जमायचं. आईबाप लहानपणीच गेले, मामानं वाढवलं. मामाचं जुन्या गाड्या तोडण्याचं आवार होतं. भाच्यानं तिथं चार वर्षं दारं उचकटली, इंजिनं उपसली, आणि मग एक दिवस सांगितलं की मला गेम खेळून पोट भरायचंय. पाच जणांचा संघ असतो, बंदुकांची लढाई असते, पगार असतो. मामानं हे कसं ऐकून घेतलं असेल ते देव जाणे, पण त्यानं एक वर्ष दिलं. निवडीच्या सामन्यात संघात घेतलं तर ठीक, नाहीतर परत आवारात, आणि पुन्हा या विषयावर शब्द नाही. मशीनही मामानंच घेऊन दिली होती. निवडीचा सामना परवा झाला होता.

ताईला परवाच्या सामन्याचं काही माहीत नव्हतं. पण त्या मशीनबद्दल मात्र सगळं आठवत होतं, कारण त्या दिवशी ती गिगाशी कडाकडा भांडली होती.

भांडण कशावरून, तर वेगावरून. गिगानं त्या मुलाला दुकानातला सगळ्यात वेगवान प्रोसेसर गळ्यात मारला होता. प्रोसेसर म्हणजे मशीनची अक्कल, तो आकडेमोड करणार; चित्र काढणार ते ग्राफिक्स कार्ड. ताईचं म्हणणं, गेम खेळणाऱ्याला अक्कल बेताची चालते, चित्रकार चांगला हवा. मधला प्रोसेसर घे, उरलेला पैसा कार्डावर घाल. गिगाचं म्हणणं, तुला या गेमचं काय कळतं. दहा जण एका चौकात एकदम गोळ्या झाडायला लागले की कुणाची गोळी कुठं गेली याचा हिशेब प्रोसेसरच करतो, आणि तिथं तो तोकडा पडला की चित्र अडकतं, आणि चित्र अडकलं की माणूस मेला. खरं सांगायचं तर त्या दिवशी गिगा बरोबर होता. असल्या गेमपुरता बरोबर होता. ताईला ते भांडता भांडताच कळलं होतं, आणि म्हणून तर ती अधिक फणफणली. "आण तुझी अक्कल, बसवते," असं म्हणून तिनं पेटी ओढली आणि फणफणतच जोडली. एरवी ती नवी मशीन तासभर राबवून बघायची. ही मात्र तिनं दहा मिनिटांतच बंद करून गिगापुढे आदळली होती.

"याच्यात भलताच जुना प्रोसेसर घातलाय," मामा म्हणाला. "वर नवीन नाव चिकटवलंय. आमच्या धंद्यात पण करतात, नवीन बॉनेट, आत मेलेलं इंजिन. पोरगा पहिल्या चारांत होता. शेवटच्या लढाईत चित्र थांबलं. डोळ्यासमोर थांबलं त्याच्या. परत हललं तेव्हा हा मेलेला."

"प्रोसेसर खराच आहे," गिगा म्हणाला.

मामानं त्याला काउंटरवरून ओढून अलीकडे घेतला. खुर्ची उलटली, बिलाचं पुस्तक, पेन, कॅलेंडर, सगळं खाली. मामानं गुडघा त्याच्या पोटात घातला. गिगा दुमडला. मामानं त्याला सरळ केला आणि पुन्हा घातला, कणीक मळावी तसा सावकाश, अजिबात न रागावता. गिगाच्या तोंडातून हवा आणि रक्त एकदमच बाहेर आलं.

"म्हण, फसवलं. म्हटलास की सोडतो."

"नाही फसवलं."

"कशाला मार खातोस बाबा," मामा जवळजवळ कळवळून म्हणाला, आणि पहारीचं बोथट टोक त्याच्या बरगडीत घातलं.

काहीतरी मोडल्याचा आवाज आला. ताई पुढे धावली, तर मामानं कोपरानं तिला पडद्यापर्यंत मागे ढकललं. गिगा जमिनीवर कुशीवर पडला होता. त्याचा ओठ फाटून हनुवटीपर्यंत लोंबत होता. आणि अशा तोंडानं तो म्हणाला, "माझ्या ताईच्या हातची मशीन आहे ती. तिच्या हातून चूक होत नाही. तू मला मारून टाकलंस तरी होत नाही."

अकरा वर्षांत गिगानं तिच्या कामाचं कौतुक म्हणून केलेलं हे पहिलंच वाक्य. ताईला वाटलं, मेल्यानं वेळ काय निवडली.

"उघडून दाखवते," ती म्हणाली. "मशीन आणा आत. प्रोसेसरच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो, तो खोट्यानं कोरता येत नाही. तुमचा तुम्ही वाचा आणि खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. पटलं तर जा, नाही पटलं तर मी आहेच."

मामानं विचार केला. गाडीच्या इंजिनावर नंबर असतो तसाच हा, त्याला पटण्यासारखा होता.

सगळे मागच्या खोलीत आले. गिगाला मामानं कॉलरला धरून फरपटत आणलं आणि कपाटाशी टेकवून बसवलं. भाच्यानं पेटी आणि सोबत आणलेलं प्रोसेसरचं खोकं टेबलावर ठेवलं. ताईनं बाजूचं झाकण काढलं आणि सवयीनं, डॉक्टरनं विचारावं तसं विचारलं, "अडखळतं म्हणजे कधीपासून? सुरू केल्या केल्या?"

"नाही ताई. आधी एकदम झकास. लोण्यासारखं. मग साधारण वीस मिनिटांनी."

"रोज वीस मिनिटांनी?"

"रोजच. जरा बंद ठेवलं की परत चांगलं. मला वाटायचं मीच दमतोय."

ताईचा स्क्रूड्रायव्हर खाचेतून घसरला.

वीस मिनिटं. थंड असताना बरं, तापल्यावर अडखळतं, निवल्यावर परत बरं. प्रोसेसरला ताप सहन झाला नाही की तो स्वतःच स्वतःचा वेग उतरवतो, जळून जाऊ नये म्हणून. त्याच्या डोक्यावर पंख्याचा जो जड ठोकळा बसवतात, तो ताप ओढून घेण्यासाठीच असतो. आणि त्या ठोकळ्याच्या तांब्याच्या तळाला, नवा असताना, ओरखडे पडू नयेत म्हणून एक पातळ पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला असतो. तो सोलून मग ठोकळा बसवायचा. पहिल्याच दिवशी शिकायची गोष्ट. आंघोळ करताना कपडे काढावेत, एवढी साधी.

तिनं तो सोलल्याचं आठवून पाहिलं. आठवलं ते फक्त भांडण.

ठोकळ्याचे चारही स्क्रू तिनं सोडवले. मामा तिच्या उजव्या खांद्याशी, भाचा डाव्या खांद्याशी. ठोकळा जरा पिळून उचलला आणि तळ स्वतःकडे वळवला. पापुद्रा होता. ताप ठोकळ्यात उतरावा म्हणून मध्ये लावतात त्या राखाडी लेपाखाली त्याची कड चमकत होती.

तिच्या हाताला आठवणीची गरज नव्हती. हात आपलं काम करून मोकळा झाला. लेप पुसायचं फडकं तिनं ठोकळ्याच्या तळावर ठेवलं, नखानं कड उचलली, आणि पुसता पुसता पापुद्रा फडक्यात आला. फडकं मुठीत आलं. दुसऱ्या कपड्यानं तिनं प्रोसेसरची पाठ स्वच्छ केली.

"वाचा," ती म्हणाली.

भाच्यानं वाकून एकेक अक्षर वाचलं. मामानं खोक्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. सगळी जुळली. मामानं पुन्हा एकदा वाचायला लावलं. पुन्हा जुळली.

कपाटाशी बसलेला गिगा हसला. दात पडलेला, ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, आणि हसला. "सांगितलं होतं," तो म्हणाला. "तिच्या हातून होत नाही."

मूठ आवळून ताई उभी होती. आता हे जातील, ती मनात म्हणत होती. शटर वर करतील आणि जातील. गिगाला दवाखान्यात नेऊ. पापुद्रा गटारात टाकू. जातील आता.

मामानं खोकं टेबलावर ठेवलं. मग भाच्याकडे वळला.

"म्हणजे वेग होता."

"मामा, चित्र खरंच थांबलं."

"नंबर तूच वाचलास."

"हो, पण थांबलं. आईशप्पथ थांबलं."

पहिली चपराक इतक्या जोरात बसली की भाचा लोखंडी मांडणीवर गेला आणि केबलींची वेटोळी त्याच्या अंगावर कोसळली. मामानं त्याला त्यातून उपसून काढला.

"मी एका माणसाचं तोंड फोडलं," तो म्हणाला, आणि आता कुठं त्याच्या आवाजात राग आला. "धंदेवाला माणूस, खरा माल दिला, त्याची बरगडी मोडली मी. तुझ्या शब्दावर." दुसरी चपराक. "हरलो म्हणायची लाज वाटली होय?" तिसरी मुठीनं, नाकावर. भाच्याचं नाक एका बाजूला गेलं आणि शर्टाची पुढची बाजू लाल झाली. त्यानं हात वर केले नाहीत. लहानपणापासूनचा मार असावा. अंगाला सवय दिसत होती.

ताई मोजत होती. कशासाठी ते तिला सांगता आलं नसतं. तीन. पोटात लाथ, चार. बोल, ती स्वतःला म्हणत होती. आणि लगेच, थांब. हा त्याचा मामा आहे, थांबेल आता. घरचं भांडण आहे. पाच. गिगा तिच्याकडे बघत होता, अजून तसाच अर्धवट हसऱ्या तोंडानं, तिचा अभिमान वाटून बघत होता. ते तोंड उतरलेलं बघायचं नाही म्हणून ती गप्प बसली. दुसरं काही कारण नाही. पुढे कितीतरी दिवस तिनं दुसरं काही कारण शोधलं, सापडलं नाही.

मामानं भाच्याचा उजवा हात मनगटाला धरून टेबलावर दाबला. लांब बोटं पसरली. "खेळ संपला. उद्यापासून आवारात यायचं. आणि ही बोटं परत खेळायला शिवशिवायला नकोत."

"मामा, नको."

पहार वर गेली.

"माझी चूक आहे," ताई म्हणाली.

पण म्हणाली तेव्हा पहार खाली यायला लागली होती. शब्द ऐकून पहार जराशी वळली, एवढंच. चार बोटं वाचली. करंगळी मधल्या पेरापाशी चिरडली, आणि भाच्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ताईनं तोवर कुठल्याच प्राण्याचा ऐकला नव्हता.

तिनं मूठ उघडून फडकं टेबलावर पसरलं. त्यात तो पापुद्रा, नखाएवढ्या लेपाच्या डागासकट.

"हे काय?" मामानं विचारलं.

"हा ठोकळ्याखालून काढायचा असतो. मी काढला नव्हता. प्रोसेसर खराच होता, वेगवान होता, पण त्याचा ताप बाहेर पडायला वाट नव्हती. वीस मिनिटं तग धरायचा आणि मग हळू व्हायचा. तुमचा भाचा खोटं बोलत नाही. चित्र थांबलं असणार."

"हे आत्ता कळलं?"

"मघाशी. उघडलं तेव्हा. लपवलं मी."

मामानं पापुद्रा चिमटीत धरून उजेडाकडे केला. त्याच्यातून पलीकडचं दिसत होतं. त्याला वजन असं नव्हतंच. दात, बरगडी, नाक, करंगळी. या सगळ्यांचा हिशेब या एवढ्याशा गोष्टीवर कसा मांडायचा, ते त्याला जमेना. चेहऱ्यावर दिसत होतं, जमत नव्हतं. मग त्यानं तो विचार सोडून दिला आणि पहार उचलली.

ताई हलली नाही. शूर होती म्हणून नव्हे. आपला नंबर आला, एवढंच तिला वाटलं, आणि रांगेत थांबून नंबर आल्यावर माणूस पळत नाही. गिगा कपाटाला धरून उठायला गेला आणि बरगडीनं त्याला खाली बसवलं.

भाच्यानं डाव्या हातानं तो ठोकळा उचलला. सव्वा किलोचं तांबं आणि पत्रा. मामाच्या कानामागे त्यानं तो पूर्ण ताकदीनं घातला.

मामाचा गुडघा टेकला. पहार फरशीवर ठणकन पडली. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. तो भाच्याकडे बघत राहिला, आणि भाचा ठोकळा पुन्हा उचलून उभा होता, नाक वाकडं, एक हात छातीशी, आणि तोंड उघडं टाकून रडत होता.

"बास मामा," तो म्हणाला. "आता उठलात तर परत मारीन. खरंच मारीन."

"मला?"

"हो. तुम्हाला."

मामा टेबलाला धरून उठला. हात वर केला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या शब्दाला शब्द नव्हे, घावाला घाव दिला होता, आणि तो दिला होता त्यानं स्वतःच्या हातानं भरवलेल्या पोरानं. पहार तिथंच टाकून तो पडदा सारून पुढे गेला. शटर वर करून भर दुपारच्या उन्हात निघून गेला. रस्त्यावरून नेहमीसारख्या गाड्या चालल्या होत्या.

खोलीत तिघं उरले. एकाचं नाक आणि बोट, एकाचा दात आणि बरगडी. ताईच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. तिनं स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"दवाखान्यात चला दोघंही," ती म्हणाली.

"आधी लावा," भाचा म्हणाला.

"काय?"

"मशीन. नीट लावा आणि चालवून दाखवा. वीस मिनिटांच्या पुढे काय होतं ते बघायचंय मला."

"अरे तुझं बोट..."

"बोट कुठं जात नाही आता."

ताईनं ठोकळा धुतला. त्याच्यावर मामाचं रक्त होतं. कोरडा केला, तळ उजेडात धरून चारदा तपासला. मटाराएवढा लेप लावला, ठोकळा बसवला, तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले स्क्रू आळीपाळीनं पिळले. गिगानं एव्हाना सरपटत येऊन भाच्याच्या करंगळीला एक पट्टी आधाराला लावून चिकटपट्टीनं बांधली होती. भाचा दातांवर दात धरून बसला होता. गेम सुरू झाला. माणसाशिवाय मशीनच मशीनशी लढेल अशी सोय असते, ती लावली. दहा जण एका चौकात, सगळ्यांच्या बंदुका चालू. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा.

तिघं बघत बसले. पडद्यावर माणसं मरत होती, उठत होती, परत मरत होती. दहा मिनिटं. पंधरा. भाच्याच्या हनुवटीवरचं रक्त वाळलं. एकोणीस, वीस, एकवीस. आकडा जागचा हलला नाही. पंचवीस मिनिटांनीही तो तिथंच, खिळा मारल्यासारखा.

"मी चुकलो नव्हतो," भाचा म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. "मी बरोबर नेम धरला होता."

ताईनं गेम बंद केला.

गिगानं ओठावर फडकं धरलं होतं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी तिथं बसून हसलो तेव्हा तुझ्या मुठीत होतं ते?"

"हो."

"बरं," गिगा म्हणाला. बडबड्या माणसाचं 'बरं' फार वाईट असतं.

तो भिंतीला धरून उठला. भाच्याला काखेत हात घालून उठवलं, म्हणजे दोघांनी एकमेकांना उठवलं. ताईनं पिशवी घेतली तसा तो म्हणाला, "तू नको येऊस."

"का?"

"तिथं विचारतील, मारामारी कशावरून झाली. तू शेजारी उभी असलीस तर मी काहीतरी खोटं सांगेन. जिन्यावरून पडलो वगैरे. तुझं नाव खराब व्हायला नको म्हणून. आणि मला आज तुझ्यासाठी खोटं बोलायचं नाहीये."

"मग तू बोलूच नकोस," ताई म्हणाली. "मी बोलते."

तिनं शटर ओढलं, कुलूप लावलं आणि दोघांच्या मागून चालू लागली. शेजारी चालायची तिला छाती झाली नाही. दवाखाना दोन चौकांवर होता. लोक वळून बघत होते. एकानं विचारलं, अपघात झाला का, तर गिगानं मान हलवली, हो की नाही ते न समजेल अशी.

खिडकीतल्या कारकून बाईनं दोघांची तोंडं पाहिली, एक सुस्कारा टाकला आणि कागद ओढला. "मारहाण दिसतेय. पोलिसांना कळवावं लागेल. कशावरून झाली?"

ताई दोघांच्या मधून पुढे झाली.

"माझ्या कामावरून," ती म्हणाली. "यांच्या मशीनमध्ये माझ्याकडून एक पापुद्रा काढायचा राहिला. मग मला तो सापडला, आणि मी तो लपवला. त्यामुळे या पोराचं बोट गेलं."

कारकून बाईनं पेन थांबवलं. असं काही लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता.

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. आणि तुम्ही यांच्या कोण?"

ताईनं गिगाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"मशीन जोडणारी," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.